बाईंनी काढून टाकलेलं प्रकरण

बाईंचा लेख वेळेवर आला, असं आमच्या हिंगोलीच्या कार्यालयात क्वचितच घडलं. उशिराचं कारण मात्र दरवेळी खरं असे, आणि दुसऱ्या कोणत्याही लेखकाने ते दिलं नसतं. मोंढ्यात हळद निवडणारी बाई माहेरी गेली आहे. शिरड शहापूरच्या सुनेची कापूसवेचणी चालू आहे, ती दिवे लागल्याशिवाय घरात सापडत नाही. कळमनुरीच्या आजीला ताप आहे, तापात तिला काय वाचून दाखवणार. लेख लिहून तयार असे, बाईंच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत असे. पण जिच्याबद्दल तो लिहिलेला, तिच्या कानावर पडेपर्यंत तो पिशवीबाहेर येत नसे. रविवारच्या पुरवणीचं काम माझ्याकडे होतं. बाईंसाठी राखलेली जागा ऐन वेळी पाककृतीने भरायची सवय मला तिथेच लागली.

बाई म्हणजे वसमतच्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत म्हणून बाई, आणि निवृत्त झाल्यावरही बाईच. उंची बेताची, आवाज खालचा, साडी फिकी. चपला मात्र जाड तळाच्या, पुरुषी. पुढे त्यांना कोणी लेखिका म्हणालं, कोणी समाजसुधारक. निमंत्रणपत्रिकांवर ‘ज्येष्ठ विचारवंत’ असं छापून येऊ लागलं, तेव्हा त्या पत्रिका उलट्या करून मागच्या कोऱ्या बाजूवर त्या लेख लिहीत. आमच्याकडे त्यांची हस्तलिखितं अशीच येत. एका बाजूला सत्कार, दुसऱ्या बाजूला सासुरवास. कोऱ्या कागदावर का लिहीत नाही, असं विचारल्यावर म्हणाल्या, “मागची बाजू बरी असते. तिथं कोणी आपली स्तुती केलेली नसते.”

वाचून दाखवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. घरात गेल्यावर पुढे केलेली खुर्ची त्या घेत नसत. उंबऱ्याजवळ खाली बसत, म्हणजे घरातल्या बाईला भाकरी थापता थापता ऐकता येई. आधी लिहिलं असेल तसं वाचत, मग कागद मांडीवर ठेवून तेच बोलीत सांगत. मग गप्प बसत. पुढचं काम समोरच्या बाईचं. एकीने ऐकून सांगितलं, सासूनं छळ केला हे बराबर आहे, पण तिच्या हातचं वरण लई चांगलं असायचं, ते बी टाका. बाईंनी टाकलं. दुसरी म्हणाली, “मी त्या दिवशी रडले न्हाई. तुमी काहून रडवून राहिल्या मला?” बाईंनी ते वाक्य जागच्या जागी खोडलं. नाव बदललेलं ऐकून एक जण रुसून बसली. इतकं सोसलं मी, अन् नाव दुसरीचं का, असं तिचं म्हणणं होतं. तिची समजूत काढण्यात दुपार गेली, आणि पुरवणीत पुन्हा पाककृती गेली.

एखादी म्हणाली की हे छापूच नका, तर बाई छापत नसत. एकदा पान लागलं होतं, चित्रकाराने चित्रही काढून दिलं होतं, आणि बाईंचा फोन आला की काढा. संपादकांनी स्वतः फोन घेतला. कारण काय, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, कारण विचारलेलं नाही. “विचारलं की ती बिचारी कारण शोधत बसते, आणि आपण ते खोडत बसतो. नको म्हणाली, संपलं.” संपादक वैतागून म्हणाले, बाई, हा पेपर आहे, पंचायत नव्हे. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “पंचायतीत तरी बाईला कुठं विचारतात?” लेख पानातून निघाला. संपादक दोन दिवस पुरवणीच्या टेबलाकडे आले नाहीत.

बाईंचे यजमान एसटीत कंडक्टर होते. जिल्ह्यातली कोणती गाडी कुठे मुक्कामी असते आणि कोणता ड्रायव्हर कोणत्या फाट्यावर थांबतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. बाईंची सगळी भटकंती त्यांनी आखून दिलेली असे. बाईंचं लिखाण त्यांनी कधी वाचलं नाही. सत्काराच्या एका कार्यक्रमात निवेदकाने त्यांना माईकसमोर ओढलं आणि बाईंच्या साहित्याबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “मी वाचत न्हाई. मला समदं तोंडीच मिळतं.” सभागृह हसलं. बाईही हसल्या. व्यासपीठावर त्या हसल्याचं तेवढं एकच छायाचित्र आमच्या संग्रहात आहे.

व्यासपीठाचा त्यांना कंटाळा होता, आणि तो त्या लपवत नसत. जयंत्या, महिला दिन, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे जात, कारण गेलं नाही तर पुढच्या वेळी गावात शिरणं अवघड होतं. शाल घेत, बोलत, आणि सभा संपली की टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एखाद्याच्या मागोमाग त्याच्या घरी जात. एका गावी विधवांच्या मानसन्मानावर भाषण झालं. आयोजक गृहस्थांनी भाषणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि चहाला घरी नेलं. बैठकीत पाहुणे, फोटो, फराळ. त्यांची विधवा बहीण आत चुलीपाशी होती. ती बाहेर येईना आणि तिला कोणी बोलावीना. बाई कप उचलून आत गेल्या, तिच्याशेजारी बसून चहा प्यायल्या, आणि तिथूनच मागच्या दाराने बसस्टँडकडे निघाल्या. बैठकीतल्या लोकांना बाई गेल्याचं बऱ्याच वेळाने कळलं.

वसमतच्या मोंढ्यात हळकुंडं निवडायला बसणाऱ्या बायांत विधवा पुष्कळ. दिवसभर हळदीत हात, नखं पिवळी, पदर पिवळा. संक्रांतीला मात्र त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. बाईंनी यावर लिहिलेला लेख लहान होता आणि त्यात कुठेही मत नव्हतं. तो छापून आल्यावर एका गल्लीत सगळ्या बायांना बोलावण्यात आलं. आम्ही फोटोसह बातमी केली. पुढच्या संक्रांतीला बाई त्याच गल्लीत गेल्या, तर विधवा नव्हत्या. विचारल्यावर यजमानीण अगदी निर्मळपणे म्हणाली, “मागल्या साली केलं की, बाई. फोटो बी आला.” बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा त्याच गल्लीत, पहिल्या घरापासून सुरुवात करून, तेच सांगत फिरू लागल्या. कार्यालयात आल्या तेव्हा पाणी मागितलं. मग म्हणाल्या, “मी नवीन काही सांगत नाही म्हणून लोक कंटाळतात. मलाही कंटाळा येतो. पण जुनं व्हायला ते आधी झालं तर पाहिजे.”

बाईंचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं ते एका थांबवलेल्या लग्नामुळे. पुढचं लिहिण्याआधी त्या लग्नातल्या मुलीची आणि तिच्या वडिलांची संमती घेतली आहे. मुलगी आता आरोग्यसेविका आहे. तांड्याचं नाव तिच्या सांगण्यावरून दिलेलं नाही.

तांडा कळमनुरीच्या बाजूचा. मुलगी जवळच्या गावातल्या शाळेत आठवीत होती. तिच्या शाळेतल्या शिक्षिकेने बाईंना कळवलं की पोरीचं लग्न ठरतंय. बाईंची पद्धत अशी की पोलिसांकडे शेवटी जायचं. आधी आईला गाठायचं. त्या तांड्यावर जाऊन बसल्या. आईने त्यांना ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, “आमी दसरा झाला की ऊस तोडाय जातो. पोरगी मोठी झाली. तिला इथं कोणाच्या भरोशावर टाकून जाऊ? तुमी ठेवता का?” बाई म्हणाल्या, ठेवते. आईला ते खरं वाटलं नसावं. लग्नाची तारीख कोणाला न सांगता अलीकडे ओढण्यात आली. बाईंना हळदीच्या दिवशी कळलं. मग ग्रामसेवक आणि पोलीस घेऊन त्या मांडवात पोचल्या.

मांडवात काय घडलं, ते बाईंनी फार चांगलं लिहिलं होतं. इथे दोन ओळी पुरेत, आणि तेवढ्याला त्या दोघांची हरकत नाही. नवरदेवाकडची माणसं उठून चालू लागली. मुलीच्या वडिलांनी फेटा काढून एकेकाचे पाय धरले, शेवटी बाईंचेही.

बाईंनी शब्द पाळला. आईवडील ऊसतोडीला गेले तो सगळा हंगाम मुलगी वसमतला बाईंच्या घरी राहिली, तिथल्या शाळेत गेली. कंडक्टरकाका तिला घड्याळ लावून उठवत. बाई बाहेरच्या खोलीत त्या लग्नावर लिहीत होत्या तेव्हा ती आतल्या खोलीत गणितं सोडवत होती. हंगाम संपवून आई परतली. बाई तांड्यावर गेल्या, उंबऱ्याजवळ बसल्या आणि नेहमीप्रमाणे सगळं वाचून दाखवलं. आई ऐकता ऐकता डोळे पुसत होती. शेवटी म्हणाली, “लिव्हा. दुसऱ्यायला तरी अक्कल यील.” मुलगी तेव्हा हापशावर पाणी भरत होती. वडील लिंबाखाली माणसांत बसले होते. बाई निघताना त्यांना रामराम करून आल्या. त्यांना काही वाचून दाखवलं नाही. इतक्या वर्षांत बाईंनी कोणत्याच पुरुषाला काही वाचून दाखवलं नव्हतं. विचारायचं ते बाईला, कारण तिलाच कोणी विचारत नाही, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो तोवर कधी चुकलेला नव्हता.

पुरवणीत ते आलं, मग पुस्तकात प्रकरण म्हणून गेलं. बाईंचं पुस्तक एकच. त्यातलं हेच प्रकरण लोकांच्या लक्षात राहिलं. कार्यक्रमांत त्याचं अभिवाचन होई. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धांत त्यातला फेट्याचा परिच्छेद हमखास येई. बालविवाह थांबवायला गेलेले कार्यकर्ते ते पुस्तक बरोबर ठेवत. खरोखर काही लग्नं त्या पानांमुळे थांबली, असं सांगणारे अधिकारी अजून जिल्ह्यात आहेत.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार, अशी छोटी बातमी आम्ही दिली. ती वाचून मुलगी वसमतला आली. नोकरी लागून तिला काही काळ झाला होता. पुढचं बोलणं बाईंनी सांगितलं होतं आणि नंतर तिनेही सांगितलं. दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.

ती बारावीत असताना वर्गात मराठीच्या सरांनी ते प्रकरण मोठ्याने वाचलं होतं. चांगलं वाचलं. मग पुस्तक खाली ठेवून ते मुलांना म्हणाले होते की असे बाप आपल्या समाजात आहेत. ती तिसऱ्या बाकावर होती. ही तीच, हे वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं. तांड्यावर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे नाव बदलून काही उपयोग नसतो. भावकीतली माणसं वडिलांना येताजाता विचारत, काय रे, आज कोणाचे पाय धरले.

तिने बाईंना विचारलं, “तुमी आईला वाचून दाखवलं. मला काहून न्हाई? मी तर ह्याच घरात राहून राहिले होते.”

बाई म्हणाल्या, “तू लहान होतीस.”

“लहान होते म्हणून मला न विचारता लग्न लावून राहिले होते. अन् लहान होते म्हणून तुमी बी न्हाई विचारलं.”

कंडक्टरकाका चहा घेऊन आले होते, ते कप तसेच ठेवून आत गेले. मग ती वडिलांबद्दल बोलली. लग्न मोडल्यावर महिनाभर ते कोणाशी बोलले नव्हते. नंतर तांड्याचं न ऐकता त्यांनीच तिचं नाव पुढच्या वर्गात घातलं. रोज सायकलवर बसवून फाट्यापर्यंत सोडलं, पावसात स्वतः भिजून तिच्यावर पोतं धरलं. ती म्हणाली, “बाई, माझा बाप त्या पानात अजून पाय धरूनच बसलाय. तो उठला, ते कुठं लिवलंय?”

बाईंनी विचारलं, हे सगळं पुढे जोडू का. दुसऱ्या आवृत्तीत जोडता येईल.

“जोडू नका. काढा. जोडलं तरी वाचणारा आधी तेच पान वाचतो.”

बाई म्हणाल्या, “काढते.” मग तिला जेवलीस का विचारलं. ती जेवून आली नव्हती. दोघी आत जाऊन जेवल्या.

प्रकाशकांनी स्वच्छ सांगितलं की त्या प्रकरणाशिवाय पुस्तकाला अर्थ नाही. त्यांचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने चुकीचं नव्हतं. हवं तर गाव बदला, फेटा काढा, बापाच्या जागी काका करा, असेही पर्याय त्यांनी दिले. बाई म्हणाल्या, मग पुस्तक राहू द्या. तीस वर्षं फिरून लिहिलेलं एकच पुस्तक. ते पुन्हा निघालं नाही. छापलेल्या प्रती संपत गेल्या. बाईंनी स्वतःकडच्या प्रती देणं बंद केलं आणि आमंत्रण देणाऱ्यांना कळवलं की त्या प्रकरणाचं वाचन करू नये. कारण लिहिलं नाही.

कारण न दिल्याने लोकांनी आपापलं लावून घेतलं. कोणी म्हणालं, बाईंवर दबाव आला. कोणी म्हणालं, वय झालं, आता भांडण नको. एका जुन्या सहकाऱ्याने भर सभेत, बाई समोर बसलेल्या असताना, काही माणसं शेवटी शेवटी कच खातात असं म्हटलं. आमच्या संपादकांनी बाईंना फोन करून खुलाशाचा लेख मागितला. पहिलं पान देतो म्हणाले. बाई म्हणाल्या, “खुलासा लिहायचा तर पुन्हा तिच्याबद्दलच लिहावं लागतं. ते नको म्हणून तर काढलं.” बाईंनी पहिलं पान नाकारलं ते एवढ्या दोन वाक्यांत.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच घडली. औंढा तालुक्यातल्या एका गावी लग्न थांबवायला त्या गेल्या असताना मुलीचा मामा पुढे आला आणि चार माणसांत म्हणाला, “बाई, तुमचं पुस्तक खोटं निघालं म्हणून तुमीच मागं घेतलं म्हणतात. अन् आमाला शिकवून राहिल्या?” बरोबरच्या कार्यकर्त्यांना वाटलं, आता तरी बाई सांगतील. बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, मुलीचा जन्मदाखला कुठं आहे. ते लग्न त्या दिवशी थांबलं. पुढे परभणीकडे नेऊन लावलं, असं नंतर कळलं. बाईंनी ती बातमी ऐकून फक्त मान हलवली.

त्यानंतर बाईंनी नवीन लिहिणं जवळपास थांबवलं आणि एक विचित्र काम हाती घेतलं. जुन्या लेखांतल्या ज्यांना विचारायचं राहिलं, त्यांना शोधत फिरायचं. सासरे, दीर, नवरे, आणि तेव्हा लहान असलेली मुलं. गुडघे दुखत होते. कंडक्टरकाका आता प्रत्येक वेळी बरोबर जात. पुष्कळ माणसं वारली होती, पुष्कळ पुण्याला गेली होती. जी सापडली, त्यांतल्या बऱ्याच जणांना असं काही छापून आलं होतं हेच माहीत नव्हतं. शिरड शहापूरला एक म्हातारे सासरे खाटेवर बसून सगळं ऐकत राहिले. त्या लेखात त्यांनी सुनेला घराबाहेर काढलं होतं. ऐकून झाल्यावर म्हणाले, “बराबर लिवलंय. पण माझं नाव काहून बदललं? केलं तर मीच होतं.” परत येताना एसटीत बाईंनी तो लेख काढून पुन्हा वाचला. काकांनी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, “या माणसाला मी तेव्हाच विचारलं असतं, तर लेख जास्त चांगला झाला असता.”

सगळेच असे निघाले नाहीत. एकाने दारातूनच हाकललं. एका तरुण मुलाने आईवरचा लेख पहिल्यांदा ऐकला आणि उठून शेतात निघून गेला. बाई संध्याकाळपर्यंत वाट बघत बसल्या, तो आला नाही. त्याच्या आईनेच शेवटी त्यांना बसपर्यंत सोडलं आणि म्हणाली, जाऊ द्या, मी त्याला समजावते. बाईंनी तो लेखही आपल्या बाजूने रद्द केला. आमच्याकडे चिठ्ठी आली की तो पुन्हा कुठेही वापरू नये. अशा चिठ्ठ्या अधूनमधून येत राहिल्या. छापलेलं मागे घेता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. विचारलं तर म्हणत, येत नाही, पण सांगून तर ठेवता येतं.

शेवटच्या भेटीत त्या वसमतच्या घरी खाटेवर होत्या. हृदयाचा त्रास होता, दम लागत होता. कोणती तरी संस्था जीवनगौरव देणार होती, त्यांची माणसं तारीख घ्यायला येऊन गेली होती. मुलाखत घ्यावी, असं कार्यालयाने सुचवलं होतं. मी प्रश्न काढून नेले होते. बाई म्हणाल्या, “प्रश्न ठेवून जा. बरं वाटलं तर बघते.” मग थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून, “लोकांना वाटतं मी हरले. हरले नाही. मला एवढंच कळलं की मी ज्यांच्या बाजूने बोलत होते, त्यांतही एक माणूस मागं राहिलं होतं. त्याला पुढं घ्यायला वेळ लागला. त्यात दमले.” हे त्यांनी मुलाखत म्हणून सांगितलेलं नव्हतं. निघताना काकांमार्फत विचारून घेतलं, हे कधी वापरलं तर चालेल का. आतून उत्तर आलं, वापरा.

बाई गेल्या त्या आठवड्यात पुरवणी बंद होऊन तिच्या जागी जाहिरातींची पानं आली होती, त्यामुळे त्यांच्यावरचा मजकूर आतल्या पानावर दोन रकान्यांत बसवावा लागला. जलदानविधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वसमतच्या विहाराशेजारच्या सभागृहात झाला. त्रिसरण पंचशील झालं. मग भाषणं सुरू झाली. भाषणं लांबली. कच खाल्ल्याचं बोललेले सहकारी आले होते, बोललेही, आणि गहिवरले. मोंढ्यातल्या बाया एका बाजूला बसल्या होत्या, त्यांना कामावर परतायचं होतं, म्हणून त्या दारापाशीच होत्या. कंडक्टरकाका पहिल्या रांगेत, हात गुडघ्यांवर ठेवून, कोणाकडेच न बघता बसले होते.

शेवटी एक निवृत्त प्राचार्य उभे राहिले. चांगले गृहस्थ, बाईंचे मनापासून चाहते. म्हणाले, बाईंबद्दल मी काय बोलणार, बाईंनाच बोलू देऊ. त्यांनी पिशवीतून पुस्तकाची जुनी प्रत काढली, कागदाची खूण घातलेलं पान उघडलं आणि प्रकरणाचं नाव वाचलं. काकांनी मान वर केली. ते उठायला लागले, पण गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागला.

तेवढ्यात मागून आवाज आला, “सर, ते नका वाचू.”

सगळ्यांनी मागे बघितलं. बायांच्या रांगेच्या शेवटी ती उभी होती. अंगावर आरोग्यसेविकेची साडी, ड्युटीवरून परस्पर आलेली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक वयस्क माणूस बसला होता. त्याने वर बघितलं नाही, पण तिचा हात धरून खालीही ओढलं नाही.

प्राचार्यांना वाटलं, वेळ फार झाला असं तिला म्हणायचं असेल. ते समजुतीने म्हणाले, छोटंसंच आहे, ताई. ती म्हणाली, छोटं मोठं नाही, बाईंनी ते काढलेलं आहे, वाचू नका. प्राचार्य थोडे दुखावले. बाईंनी का काढलं ते आपल्याला कोणालाच कळलं नाही, ते म्हणाले, आणि इतकी मोठी गोष्ट अशीच जाऊ द्यायची का. सभागृहात कुजबुज झाली. व्यासपीठावरून कोणीतरी म्हणालं, खाली बसा. मोंढ्यातली एक बाई तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, तिला बोलू द्या की.

प्राचार्यांनी माईकमधूनच विचारलं, “आपण कोण?”

तिने नाव सांगितलं. तिचं लग्न झालेलं होतं. तिच्या पसंतीने, तिच्या वेळेला, आणि नवऱ्याचं आडनाव ती नोकरीत लावते. तिथे तिने ते लावलं नाही. स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव, मग तांड्याचं नाव, असं पूर्ण, शाळेत हजेरीला सांगतात तसं, मोठ्याने सांगितलं. सभागृहातल्या बहुतेकांना ते नुसतं एक नाव होतं. काहींना तांड्याच्या नावावरून कळलं. प्राचार्यांना कळायला जरा वेळ लागला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे, आणि पुस्तक मिटलं. खूण पुस्तकातून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू या, असं म्हणून ते माईकपासून मागे झाले. सगळे उभे राहिले. तिचे वडीलही उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात बातमी आली. तीत वक्त्यांची सगळी नावं होती. तिचं नाव नव्हतं. सभा संपल्यावर दारात चपला घालताना तिने सांगितलं होतं, “तिथं मी माझ्या तोंडानं सांगितलं. तुमी छापू नका.” मग वडिलांना घेऊन ती बसस्टँडकडे निघाली. कळमनुरीची गाडी लागलेली होती.